एक पायरी खाली

हे मी फार वर्षं टाळलं. दर वेळी काहीतरी कारण सापडायचं. आधी नोकरी होती, मग मुलांची लग्नं निघाली, मग डोळे अधू झाले... खरं कारण एवढंच की हे यशवंतरावांना तोंडावर सांगायला हवं होतं, आणि तेवढी छाती मला झाली नाही. आता ते गेले त्याला काही आठवडे झाले. बातमी दूधवाल्याने आणली. तो पाणीगेटकडून येतो. चरवी ओट्यावर ठेवता ठेवता सहज म्हणाला, "नाक्यावाले दादा गेले, काका." मी दूध घेतलं, झाकण लावलं, आत ठेवलं आणि परत येऊन त्याच जागी उभा राहिलो. दूधवाला केव्हाच पुढच्या दारी गेला होता.

तरीही मी लिहिलं नसतं. पण मागच्या पंधरवड्यात आमच्या भागातल्या वाचनालयात शोकसभा झाली. यशवंतराव जगताप जकातीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या वाचनालयाच्या कामात होते, तालमीच्या कामात होते, त्यामुळे दालन भरलं होतं. एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांनी एकाच गोष्टीची वाखाणणी केली, ती त्यांच्या शुद्ध भाषेची. शिलेदाराच्या घरात जन्मलेला, नाक्यावर गाडीवानांशी हुज्जत घालण्यात उमर गेलेला हा माणूस, पण तोंडातून एक गावंढळ शब्द कधी आला नाही. बडोद्यासारख्या गुजरातीत घोळलेल्या गावात त्यांनी आपली वाणी निर्मळ ठेवली, असं एकजण म्हणाले. सगळ्यात जुना मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. मी उठलो, "खरं आहे," एवढंच म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. मला लाज वाटत होती. कारण त्या निर्मळ वाणीचा इतिहास त्या दालनात मला एकट्याला ठाऊक होता, आणि तो त्याच दालनात घडला होता.

इथून पुढे मी त्याला यशा म्हणेन. तो यशाच होता, आणि मी गोंद्या.

सरकारी शाळेत आम्ही एका बाकावर होतो. माझे वडील हुजूर कचेरीत कारकून. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते पागेत शिलेदार. घोड्यावरून पडून त्यांचा एक पाय आखडला होता. पांढऱ्या मिशा, डोक्यावर नेहमी पागोटं, अक्षरओळख नाही, पण शाळेत जाणाऱ्या पोरांबद्दल देवाबद्दल असावा तसा आदर. शाळा सुटली की आम्ही सुरसागरच्या पायऱ्यांवर जायचो. तळ्यावर त्या वेळी उन्हाचा एक वेगळाच रंग यायचा, पिकल्या पेरूच्या आतल्यासारखा. समोरच्या घाटावर धुणं आपटल्याचा आवाज पाण्यावरून उशिरा यायचा. हात खाली आलेला दिसायचा आणि मग, जरा थांबून, थप्प. यशाला त्या उशिराची फार मौज वाटायची. आता कधी दुपारी डुलकी लागली तर मला तेच दिसतं. हात खाली येतो... आणि आवाज येतच नाही.

त्या पायऱ्यांवर आमचा एक खेळ होता. एकाने रस्त्यावरचा एखादा शब्द टाकायचा, दुसऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा. पण शब्दाला शब्द देऊन चालायचं नाही. भंपक म्हणजे ढोंगी, असं म्हटलं की हरलास. माणूस दाखवायचा, तो काय करतो ते दाखवायचं, असं की ऐकणाऱ्याने उद्या तो शब्द बाजारात बिनचूक वापरावा. हरणाऱ्याने एक पायरी खाली बसायचं. मी रोज हरत असे. दिवेलागणीपर्यंत माझे पाय पाण्यात आणि यशा वर, अंबारीतल्या राजासारखा.

तो म्हणायचा, भंपक म्हणजे ज्याच्या घरातलं घड्याळ बंद आहे पण येईल त्या पाहुण्याला जो ते दाखवतो. टंगळमंगळ म्हणजे काम समोर आलं की धोतराचा सोगा पुन्हा पुन्हा नीट करत बसणं. वट म्हणजे साहेब नसताना साहेबाच्या पंख्याखाली बसता येणं, आणि पंख्याची दोरी ओढणाऱ्यानेही ओढत राहणं. आपल्याकडे दीडशहाणा आहे आणि गुजरातीत दोढडाह्यो आहे, दोन्ही एकच, असं मी एकदा म्हणालो, तर त्याने मला दोन पायऱ्या उतरवलं. म्हणाला, दीडशहाणा न विचारता रस्ता सांगतो. दोढडाह्यो रस्ता सांगतो आणि वर आपल्याबरोबर चालत येतो.

एकदा त्याने डफोळ हा शब्द घेतला. मी म्हणालो, मूर्ख. पायरी उतरलो. तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "डफोळ म्हणजे ज्याला फसवलं की फसवणाऱ्यालाच वाईट वाटतं." त्या वयात मी नुसता हसलो.

आणि आमच्या बडोद्याच्या बोलीत वाक्याच्या शेवटी जो 'ने' येतो, गुजरातीतून आलेला, ज्याबद्दल पुण्याहून आलेले पाहुणे आम्हाला नेहमी टोचतात, तोही मी एकदा त्याच्यापुढे टाकला. हा तर शब्दच नाही, याचा अर्थ काय सांगशील, या विचाराने मी खूश होतो. यशा नुसता म्हणाला, "चल." मी बसून राहिलो. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल ने." मी उठलो. "कळलं?" तो म्हणाला. "हात ठेवायला तू जवळ नसलास तर हा 'ने' लावायचा."

पुढे मी कॉलेजात गेलो आणि कचेरीच्या भाषांतर शाखेत लागलो. तो पाणीगेटच्या जकात नाक्यावर लागला. माझं काम असं की फारसी आणि इंग्रजी शब्दांना संस्कृतातून नवे शब्द पाडायचे. महाराजांच्या राज्यात तेव्हा ज्ञानाची मोठी हवा होती. व्याख्यानं, वाचनालयं, कोश. मी दिवसभर असे शब्द घडवायचो जे कोणी बोलत नव्हतं, आणि संध्याकाळी यशाकडून असे शब्द ऐकायचो जे कोणी लिहीत नव्हतं. नाक्यावर त्याला रोज नवे मिळायचे. काठियावाडी गाडीवान, बोहरी व्यापारी, चरोतरचे पाटीदार, छावणीतले सोजीर. तो दोन्ही मुठी भरून यायचा. आम्ही आता मिशा फुटलेले बाप्ये होतो, तरी हरणारा पायरी उतरायचाच, आणि अजूनही मीच उतरायचो.

अशात वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला, बडोद्याची बोलभाषा. यशाला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. "आपले शब्द? त्या दालनात? गाद्या घातलेल्या तिथे?" असं तो तीन तीनदा विचारत राहिला. मग कित्येक संध्याकाळी तो सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. एखादा अर्थ त्याच्या मनासारखा उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त करून आणायचा. मी त्याला म्हणालो, तू पुढच्या रांगेत बस, मी सगळ्यांना सांगेन हे कोणाचं. मी हे शब्द उच्चारले होते. ते कबूल करायलाच हा लेख आहे.

व्याख्यानाच्या दिवशी यशा आबांना घेऊन आला. आबांनी सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं होतं की आज माझ्या पोराची विद्या वाचली जाणार. पागोटं नवीन बांधलेलं. दोघे पुढच्या रांगेत, कडेला, गुडघे जवळ घेऊन बसले, देवळात बसावं तसे. मी सुरुवात केली ती भाषेची उत्पत्ती, अपभ्रंश, देशी शब्दांचा उगम अशा गोष्टींनी. थोड्या वेळाने पाहिलं तर अध्यक्षांनी तपकिरीची डबी काढली होती. ते निवृत्त सुभे, म्हणजे जिल्ह्याचे अधिकारी होते, माझी बढती त्यांच्या जावयाच्या हातात होती. मागे कोणीतरी जांभई दिली, ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली. आणि मी टंगळमंगळ हा शब्द घेतला तो यशाच्या आवाजात.

मला त्याची नक्कल चांगली जमायची. तो बोलताना कानाची पाळी ओढायचा, शब्दाची शेपटी लांबवायचा. मी कानाची पाळी ओढली. दालनात हसू फुटलं. अध्यक्षांनी डबी मिटली. हशा पहिल्यांदाच वाट्याला येतो तेव्हा माणसाला काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल... मी पुढचा शब्द घेतला, त्याच आवाजात. मग पुढचा. यशाचे अर्थ आता अर्थ राहिले नव्हते, ते एका अडाणी माणसाचे मासले झाले होते. डफोळ आला. मी तो अर्थ सांगितला, आणि लोक हसत असतानाच पुढच्या रांगेकडे हात करून म्हणालो, "असं आमचे पाणीगेटच्या नाक्यावरचे शब्दपंडित म्हणतात. ते आज इथे जातीने हजर आहेत."

सगळं दालन वळलं. हशा झाला. आणि आबा उठले.

त्यांना वाटलं, पोराचा सत्कार होतोय. आखडलेला पाय सावरत ते उभे राहिले, पागोट्याला हात लावला आणि चारी दिशांना वळून वळून त्यांनी नमस्कार केला. हसणं दुप्पट झालं. आबाही हसत होते, डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून... यशाने त्यांचा हात धरला आणि हळूच खाली बसवलं. मग तो आभारप्रदर्शन होईपर्यंत बसून राहिला. माझ्याकडे पाहत होता, पण रागाने नाही. पाण्यापलीकडचा हात पाहावा तसा.

दुसऱ्या दिवशी मी सुरसागरला गेलो. तो येणार नाही असं वाटलं होतं, पण तो आला. आपल्या नेहमीच्या पायरीवर बसला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्याच्याजवळ त्या बारा गावच्या होत्या आणि त्या दिवशी मला त्या हव्या होत्या. तो म्हणाला, "कालचे आपले व्याख्यान अत्यंत उद्बोधक झाले, गोविंदराव."

मी हसलो. मला वाटलं, नवा खेळ आहे. मी म्हणालो, पुरे ने यशा. तो म्हणाला, "आपली आज्ञा असेल तर निघतो. नाक्यावर उपस्थित राहणे आवश्यक आहे." आणि गेला.

तो खेळ नव्हता. त्या दिवसापासून मरेपर्यंत यशा माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोलला नाही. सुरुवातीला त्याचं हे बोलणं अडखळतं होतं, कुठे कुठे चुकायचंही. मग त्याने पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, आणि ती भाषा त्याने अशी कमावली की माझ्याच कचेरीतले लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घेऊ लागले. जो कोणी उपरणं घेऊन, चष्मा लावून त्याच्यापुढे आला, त्याला त्याने तीच भाषा दिली. घरी, नाक्यावर, तालमीत तो अखेरपर्यंत यशाच होता. पण शोकसभेत बोलणारे सगळे उपरण्यावाले होते. त्यांना कुठून माहीत असणार?

त्याने माझ्याशी वैर धरलं, असं मात्र कोणी समजू नये. माझी बायको गेली तेव्हा सगळ्यात आधी तो आला. लाकडं त्याने आणवली, तिरडी त्याने बांधली, पुढचा खांदा त्याचा. तेरा दिवस तो रोज येऊन बसला. फक्त म्हणाला ते असं की, "ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. धीर धरावा." मी त्याच्याकडे पाहत राहिलो. बाजूला माझा शेजारी रडत होता, त्याच्या पाठीवर हात फिरवत तोच यशा म्हणत होता, "रडून घे ने बाबा, रडून घे." ते वाक्य माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी ते दुसऱ्याच्या ताटातल्यासारखं पाहिलं.

आणि मी काय केलं? मी लोकांना सांगत राहिलो की माझ्या संगतीनं यशवंतराव सुधारले. हे मी अनेकदा सांगितलं, हसत सांगितलं. त्यावर लोक माझं कौतुक करायचे.

एकदा मात्र अगदी जवळ आलो होतो. संक्रांत होती. त्याच्या पाणीगेटच्या घराच्या धाब्यावर मी पतंग पाहायला म्हणून गेलो. जिना चढतानाच त्याचा आवाज ऐकू येत होता, आरोळ्या, शिव्या, दोन्ही भाषांतल्या. आबा तेव्हा राहिले नव्हते. मी वर आलो तसा तो गप्प झाला. मग फिरकी माझ्यापुढे धरून म्हणाला, "आपण धरावी." मी सगळी दुपार त्याच्या मागे फिरकी धरून उभा राहिलो. आभाळ इतकं भरलं होतं की कुठला पतंग कोणाचा ते कळत नव्हतं. मांजा माझ्या हातातून सुटायचा आणि त्याच्या बोटांतून वर जायचा. तो ढील द्यायचा ती मला फिरकीत जाणवायची, खेचायचा तीही जाणवायची, आणि मला वाटलं, आपण बोलतोच आहोत की. आता म्हणावं. मनात वाक्य जुळवलं, 'त्या दिवशी माझ्याकडून जे घडले त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे.' आणि तिथेच थांबलो. ज्या भाषेने त्याला मारलं त्याच भाषेत मी क्षमा मागणार होतो. दुसरी भाषा माझ्याजवळ उरलीच नव्हती, ती त्याच्याकडूनच यायची. इतक्यात पतंग कापला गेला. मांजा सैल होऊन धाब्यावर पडला. मी तो गुंडाळून दिला. "आभारी आहे," तो म्हणाला.

शेवटचं भेटलो ते तो अंथरुणाला खिळल्यावर. दार उघडं होतं. आत त्याची नात, आठ-नऊ वर्षांची, पायाशी बसून त्याला विचारत होती, आजोबा, चोंबडा म्हणजे? मी उंबऱ्याशीच थबकलो. कितीतरी वर्षांनी मी तो आवाज ऐकला. खूप खोल गेलेला, पण शेपटी तशीच लांबलेली.

"चोंबडा म्हणजे ज्याच्या कानाला पाय असतात."

पोरगी खिदळली आणि तिने मला पाहिलं. "आजोबा, कोणी आलंय." यशाने मान वळवली. कानाच्या पाळीवरचा हात खाली आला. "यावे, गोविंदराव. आपली प्रकृती कशी आहे?" मरणाऱ्या माणसाने मला माझी प्रकृती विचारली. बरी आहे, मी म्हणालो. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा त्याच्या पांघरुणावर सरकत होता, तो आम्ही दोघे पाहत होतो.

निघालो तेव्हा नात मला जिन्यापर्यंत पोचवायला आली. मला म्हणाली, "तुम्ही दारात उभं राहून ऐकत होता ने?" मी हो म्हणालो. "मग तुम्ही चोंबडे." मी म्हणालो, खरं आहे. मग जरा विचार करून तिने विचारलं, "आजोबा तुमच्याशी असं पुस्तकासारखं का बोलतात?"

ती वाट पाहत उभी होती. तिच्या आजोबाने सांगितलं असतं तसं सांगायला हवं होतं, एक माणूस दाखवून, त्याने काय केलं ते दाखवून. मी म्हणालो, "ते फार शिकलेले आहेत ने, बाळ." आणि जिना उतरलो. तिला हे खोटं सांगून उतरलो. शोकसभेत ती पुढच्या रांगेत, कडेला बसली होती, आणि माझ्या तोंडचं ते "खरं आहे" तिनेही ऐकलं. हा लेख कोणी तिला वाचून दाखवावा. तिचा आजोबा शुद्ध भाषेचा उपासक नव्हता. आमच्या पिढीत या गावाची भाषा त्याच्याइतकी जिवंत कोणाच्या तोंडी नव्हती, आणि ती माझ्यापुरती मी बंद पाडली. आणि तुझ्या पणज्याने त्या दालनात चारी दिशांना नमस्कार केला तो, पोरी, अगदी बरोबर केला होता. चुकलं ते बसलेल्यांचं, आणि माझं.

हल्ली संध्याकाळी मी सुरसागरला जातो. गुडघे साथ देत नाहीत, तरी कठडा धरून उतरतो. त्याची पायरी मोकळी सोडतो आणि एक खाली बसतो. पलीकडे अजून कोणी ना कोणी धुणं आपटत असतं. हात खाली येतो, आणि मग उशिराने आवाज. पाण्यात पाय सोडून मी रोज एकच वाक्य जुळवतो. दिलगीर नाही, क्षमस्व नाही, तसलं काहीही नाही. इतक्या वर्षांनी ते आता जुळलंय, पण ऐकणारा वरच्या पायरीवर नाही.

यशा, चुकलो मी. आबांवर लोकांना हसवलं ते फार वाईट केलं. वाटेल त्या शिव्या दे... पण एकदा गोंद्या म्हण ने.